मसूर म्हणजे शत्रू, मग ‘मोघम’ म्हणजे किती?

भेंडवळच्या घटात मसूर म्हणजे शत्रू. करडी म्हणजे देशाचं संरक्षण. भादली म्हणजे रोगराई. विड्याचं पान म्हणजे राजा, पुरी म्हणजे पृथ्वी, अन् पाण्यानं भरलेली घागर म्हणजे समुद्र.

या एपिसोडचा हा लिहिलेला भाग. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा, आणि ज्यांनी ऐकलाय त्यांनी पण वाचा, कारण बोलताना मी चिनी नावांत इतक्या वेळा अडखळलो की ती नावं लिहिलेलीच बरी. मधे मधे ट्रॅक्टरचा आवाज होता तो इथे नाही. चांदूर बाजारला घरी बसून रेकॉर्डिंग केलं की स्टुडिओ फुकट मिळतो, शांतता नाही.

भेंडवळ माहीत नसलेला वऱ्हाडी माणूस सापडणं अवघड, पण पुण्या-मुंबईकडचे श्रोते आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथे अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोल आकारात धान्यं ठेवतात: ज्वारी, तूर, मूग, उडीद, गहू, हरभरा, तीळ, जवस, सरकी, अंबाडी अशी एकूण अठरा. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, भजं, वडा. खाली पानविडा. रात्रभर तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन पाहायचं: कोणता दाणा आत सरकला, कोणता बाहेर गेला, कोणतं ढेकूळ ओलं झालं, पान जागेवर आहे की हललं. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात, तीनशेहून जास्त वर्षं झाली असंही सांगतात. आजही वाघ घराण्यातले महाराजच भाकीत वाचतात आणि पहाटे ऐकायला शेकडो शेतकरी उभे असतात. अंनिसचा या भाकितावरचा आक्षेप जुना आहे आणि तो दरवर्षी बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात येतो. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता होती, तर राजाचं काय होणार ते जाहीर सांगितलं नाही. पान होतं, अर्थ सांगायला बंदी होती!

आता ही यादी पाहिली की माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला लगेच एक टेबल दिसतं. डाव्या रकान्यात वस्तू, उजव्या रकान्यात अर्थ. मसूर, शत्रू. करडी, संरक्षण. रात्री काय हललं हे तर कोणीही मोबाईलवर फोटो काढून सांगू शकतो. खरी गंमत उजव्या रकान्यात आहे. तो कोणी भरला? एखाद्या शब्दाचा अर्थ मधल्या काळात बदलला तर काय होतं? आणि ज्याला हे वाचून पेरणी करायची आहे, त्याच्या हातात नेमकं काय पडतं?

भेंडवळबद्दल हे शोधायला गेलो तर फार मागे जाता येत नाही, कारण जुने कागद नाहीत. पण एक देश असा आहे की जिथे भाकितांची लिखापढी तीन हजार वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यातल्या नावांवर अजून भांडणं चालू आहेत. चीन. म्हणून आज तिकडे एक फेरी मारायची.

त्याआधी घरातलंच एक उदाहरण, कारण त्यानं चीनचं समजायला सोपं जातं. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहन असतं हे तुम्हाला माहीत आहे. मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्राचं म्हैस वगैरे, दरवर्षी वेगळं. लहानपणी मला वाटायचं की हे कोणीतरी ध्यान लावून ठरवत असेल. नाही राजेहो, ते साधं गणित आहे! सूर्य ज्या दिवशी नक्षत्र बदलतो त्या दिवशी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला ९ नं भागायचं आणि बाकी पाहायची. बाकी १ तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, आणि शून्य उरलं तर हत्ती. प्रोग्रामिंग शिकताना पहिल्या आठवड्यात जो मॉड्युलो ऑपरेटर शिकवतात तो हाच.

म्हणजे यंत्रातून बाहेर काय पडतं? ७. नुसता आकडा. ७ मध्ये पाऊस नाही. पाऊस येतो तो ‘म्हैस’ या नावातून. म्हैस म्हटलं की डोळ्यासमोर डबक्यात बसलेली म्हैस येते, म्हणून भरपूर पाणी. कोल्हा म्हटलं की हुलकावणी, म्हणून पाऊस कमी. समजा कोणी उद्या ही यादी बदलून ७ म्हणजे उंट केलं, तर गणित तेच, आकाश तेच, भाकीत मात्र कोरडं. हे डोक्यात ठेवा.

चीनच्या ज्या ग्रंथाला आपल्याकडे इंग्रजीवरून आय चिंग म्हणतात, तो असाच आहे. उच्चार यी चिंग. यी म्हणजे बदल. त्याचा सर्वात जुना गाभा साधारण २८०० ते ३००० वर्षांपूर्वीचा. एकावर एक सहा रेघा, प्रत्येक रेघ अखंड किंवा मधे तुटलेली. दोनाचा सहावा घात, म्हणजे ६४ आकृत्या. वनस्पतीच्या ४९ काड्या वाटून वाटून, नंतरच्या काळात तीन नाणी फेकून, एक आकृती मिळवायची. त्या आकृतीला एक नाव असतं, नावाखाली काही ओळी, आणि त्यावरून उत्तर वाचायचं. लायबनिट्झ या जर्मन गणितज्ञानं १७०३ च्या सुमारास या रेघांमध्ये शून्य-एकची द्विमान पद्धत पाहिली आणि तो खूश झाला, ही गोष्ट इंजिनिअरिंग कॉलेजात सगळ्यांनी ऐकलेली असते. मला त्यापेक्षा नावांची गोष्ट भारी वाटते.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये या ६४ आकृत्या आहेत. खोटं नाही सांगत. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या अक्षरांना एकेक नंबर देणारी यादी. ‘क’ जसा त्यात आहे तशा या आकृत्या पण २००३ च्या आवृत्तीपासून आहेत. आणि युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला नंबरासोबत एक इंग्रजी नाव द्यावंच लागतं. पहिल्या आकृतीचं नाव आहे ‘हेक्साग्रॅम फॉर द क्रिएटिव्ह हेवन’. सर्जनशील आकाश! हे नाव रिचर्ड विल्हेल्म या जर्मन मिशनऱ्याच्या भाषांतराच्या वळणाचं आहे. त्याचं जर्मन भाषांतर १९२४ मध्ये आलं, त्यावरून इंग्रजी १९५० मध्ये. आता पुढची गंमत. युनिकोडचा नियम आहे की एकदा दिलेलं नाव परत बदलायचं नाही, चूक निघाली तरी नाही, कारण जगभरातलं सॉफ्टवेअर त्यावर उभं असतं. त्यामुळे विसाव्या शतकातल्या एका भाषांतरकाराच्या वळणाची नावं कायमची गोठली आहेत. कंपनीत पहिल्या दिवशी कोणीतरी घाईत व्हेरिएबलला नाव देतं, आणि दहा वर्षांनी नवीन पोरगा विचारतो की याला ‘टेम्प२’ काऊन म्हणतात. तसंच.

मग मूळ नाव काय होतं? पहिल्या आकृतीला चिनीत म्हणतात छ्येन, दुसरीला खुन. (‘खु’ ऱ्हस्व आहे बरं, दीर्घ वाचलं तर पोलीस केस.) परंपरा सांगते की छ्येन म्हणजे आकाश, पुरुष, जोर, खुन म्हणजे धरती, स्त्री, स्वीकार. दोन हजार वर्षं हजारो विद्वानांनी यावर टीका लिहिल्या. आणि मग १९७३ मध्ये चांगशा शहराजवळ मावांगतुई इथल्या एका थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेली याच ग्रंथाची प्रत सापडली. थडगं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं. त्यात पहिल्या आकृतीच्या नावाच्या जागी जे अक्षर आहे त्याचा अर्थ होतो किल्ली किंवा दाराचा अडसर. दुसऱ्या नावाच्या जागी जे आहे त्याचा अर्थ नदी.

आकाश आणि धरतीच्या ऐवजी अडसर आणि नदी! याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, लिहिणाऱ्यानं उच्चार जवळचा म्हणून दुसरं अक्षर वापरलं. त्या काळी हे सर्रास चालायचं, जसं आपण व्हॉट्सॲपवर ‘आहे’ च्या जागी कायपण लिहितो आणि समोरच्याला कळतं. दोन, नावं पहिल्यापासूनच पक्की नव्हती. आधी आवाज होता, अर्थ मागून बसला. विद्वान दोन्ही बाजूंना आहेत. मला स्वतःला पहिली शक्यता जास्त पटते, पण दुसरीनं झोप उडते.

छत्तिसावी आकृती घ्या. नाव मिंग-यी. परंपरेनं अर्थ लावला ‘प्रकाशाला जखम’: सूर्य जमिनीखाली गेला, काळ वाईट आहे, शहाण्यानं आपली हुशारी लपवून राहावं. फोनमधलं नावही त्याच अर्थाचं, प्रकाश अंधारणं. सुंदर आहे, खोल आहे. पण त्याच नावाखालच्या ओळी वाचल्या तर त्यातला मिंग-यी उडतो, आणि त्याचे पंख खाली झुकतात. प्रकाशाला पंख कुठले? म्हणून काही आधुनिक संशोधक म्हणतात की मिंग-यी हा एक पक्षी आहे, ओरडणारा रानपक्षी, आणि मूळ भाकीत म्हणजे उडत्या पक्ष्यावरून घेतलेला शकुन. आपल्याकडे टिटवी ओरडली, भारद्वाज दिसला, तसं. पक्ष्याचं नाव विसरलं गेलं, अक्षरं उरली, आणि त्या अक्षरांत मागच्या लोकांनी तत्त्वज्ञान भरलं.

इथे लगेच ‘पाहा, सगळं थोतांड’ असं म्हणायची घाई नको. ते तत्त्वज्ञान खोटं नव्हतं. त्यावर लोकांनी आयुष्यं काढली. फक्त ते त्या पक्ष्याचं नव्हतं.

सगळ्यात मजेशीर गडबड होते ती विशेषनामांची. पस्तिसाव्या आकृतीत खांग-होउ नावाच्या कोणाला तरी घोडे मिळाल्याचा उल्लेख आहे. होउ म्हणजे सरदार. खांग या अक्षराचा अर्थ सुखरूप, धडधाकट असा काहीतरी. म्हणून जुन्या टीकाकारांनी आणि त्यांच्या मागे विल्हेल्मनं वाचलं, बलवान सरदार. कोणताही बलवान सरदार, म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा, प्रश्न विचारणारा कोणीही. १९२९ मध्ये कू च्येकांग या इतिहासकारानं दाखवलं की अहो, हे तर एका माणसाचं नाव आहे. खांगचा सरदार, चौ घराण्याच्या वू राजाचा सख्खा भाऊ. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्या काळातलं ब्राँझचं एक भांडं आहे, त्यावर कोरलेल्या मजकुरात याच सरदाराचं नाव आहे. हाडामांसाचा माणूस दोन हजार वर्षं विशेषण होऊन बसला होता.

कू यांनी दुसरं पण एक सोडवलं. चौतिसाव्या आकृतीत मेंढरं हरवल्याचं चार अक्षरांचं वाक्य आहे, शेवटचं अक्षर यी. हे तेच ग्रंथाच्या नावातलं यी, त्याचा एक अर्थ ‘सोपं’ असाही होतो. विल्हेल्मनं अर्थ घेतला की मेंढरू अगदी सहज, त्रास न होता गेलं, आणि टीका पुढे सांगते की हट्ट सोडणं कसं चांगलं. कू म्हणाले, यी हे ठिकाण आहे. शांग घराण्याचा एक पूर्वज, वांग हाय, आपली जनावरं घेऊन यी नावाच्या मुलखात गेला आणि तिथे ती गमावून बसला, अशी जुनी दंतकथा होती. म्हणजे वाक्य फक्त एवढंच: यीला मेंढरं गेली.

आता कल्पना करा. तीन हजार वर्षांनी कोणालातरी आपला एक कागद सापडला, ‘चांदूर बाजारला बैल हरवला’. गाव तोवर नकाशावर नाही. तो विद्वान म्हणणार, चांद म्हणजे चंद्र, दूर म्हणजे लांब. चंद्र लांब गेला असता, म्हणजे मन थाऱ्यावर नसता, संसाराच्या बाजारात माणसाचा बैल, म्हणजे विवेक, हरवतो. काय सुंदर अर्थ आहे! पुस्तक निघेल यावर. आणि बैल बिचारा सोमवारच्या नाही तर कोणत्या वारच्या बाजारात दोरी तुटून गेलेला. बरं, आपल्याच जिल्ह्यात चांदूर रेल्वे पण आहे, त्या कागदाचं भाषांतर काय करतील ते तुम्हीच कमेंटमध्ये लिहा.

भाषांतर करणाऱ्यापुढचा हा कायमचा पेच आहे. नाव तसंच ठेवलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. अर्थ सांगितला तर तो अर्थ तुमचा. भाकितात तर हे जास्त घातक, कारण तिथे वाचणारा स्वतःचं काहीतरी पणाला लावून बसलेला असतो, आणि त्याला गोड अर्थच ऐकायचा असतो.

गोड अर्थ नाकारणारी एक बाई मात्र त्या इतिहासात आहे, आणि हा एपिसोड खरं तर मी तिच्यासाठी केला. तिचं नाव मू च्यांग. लू नावाच्या राज्याची राजमाता. चोचुआन नावाच्या जुन्या इतिहासग्रंथात तिची हकीकत आहे. तिनं आपल्या प्रियकरासोबत मिळून दोन मोठ्या घराण्यांना हुसकून लावायचा डाव केला, तो फसला, आणि तिला पूर्वेच्या महालात ठेवण्यात आलं. थोडक्यात नजरकैद. तिथे जाताना तिनं काड्यांचा कौल घेतला. ज्योतिषानं आकृती वाचली. निष्कर्ष ज्या आकृतीवर आला तिचं नाव स्वेइ, म्हणजे मागोमाग जाणं. ज्योतिषी म्हणाला, स्वेइ म्हणजे जाणं, बाहेर पडणं. बाईसाहेब, तुम्ही लवकरच सुटणार.

समजून घ्या की त्यानं खोटं असं काही सांगितलं नव्हतं. नावात ‘जाणं’ आहेच. समोर राजाची आई आहे, घाबरलेली आहे, तिला बरं वाटेल असा अर्थ शब्दात बसतोय, मग सांगायला काय जातं? आपण काय वेगळे वागलो असतो?

ती म्हणाली, नाही. या आकृतीखाली चार शब्द आहेत, य्वान, हेंग, ली, चन. ते चार शब्द म्हणजे चार गुण. ज्याच्याजवळ ते असतील त्यालाच या आकृतीचा शुभ अर्थ लागू. मी कारस्थान केलं, राज्याला त्रास दिला, माझ्याजवळ यातला एकही नाही. मी इथून बाहेर पडणार नाही, इथेच मरणार. आणि ती तिथेच मेली, इसवी सनापूर्वी ५६४ मध्ये, नातू गादीवर असताना.

या गोष्टीत एक भाषेचा धागा पण लपलाय. चौथा शब्द चन. मू च्यांगनं त्याचा अर्थ घेतला सचोटी, ठामपणा. पुढे त्याच शब्दाला बायकांच्या पातिव्रत्याचा अर्थ चिकटला. पण तिच्याही सहा-सातशे वर्षं आधी हा शब्द कासवाच्या कवचांवर कोरलेला सापडतो, आणि तिथे त्याचा अर्थ आहे नुसता ‘कौल लावला’, ‘विचारलं’. म्हणजे त्या चार शब्दांचा मूळ अर्थ बहुधा साधा होता: मोठा होम करा, कौल अनुकूल आहे. छापील फॉर्मवरच्या सूचनेसारखा. तिनं त्यातून चार गुण काढले. शब्दकोशाच्या हिशेबानं ती ज्योतिषाइतकीच दूर होती. तरी मला ज्योतिषापेक्षा तीच जास्त खरी वाटते, कारण तिनं लावलेला अर्थ तिच्या सोयीचा नव्हता.

कासवाच्या कवचांचा विषय निघालाच आहे तर तिथे थांबू या. १८९९ मध्ये पेकिंगमधल्या वांग यीरोंग या अधिकाऱ्यानं औषधासाठी विकल्या जाणाऱ्या ‘ड्रॅगनच्या हाडांवर’ जुनी अक्षरं ओळखली, असं मानतात. ती निघाली शांग राजांची भाकितं. आन्यांग गावाजवळ जमिनीतून अशी हजारो हाडं आणि कवचं आली. पद्धत अशी: बैलाच्या खांद्याच्या हाडाला किंवा कासवाच्या पोटाकडच्या कवचाला मागून खड्डे करायचे, तापवायचं, पुढे तडा जातो, तडा वाचायचा. मग शेजारी कोरायचं. आणि काय काय कोरायचं ते पाहा: दिवस, विचारणाऱ्याचं नाव, प्रश्न, राजानं काय अर्थ लावला, आणि पुढे खरंच काय झालं.

वू तिंग राजाची राणी फू-हाओ हिच्या बाळंतपणाचं कवच फार प्रसिद्ध आहे. प्रश्न, राणीचं बाळंतपण चांगलं होईल का? राजानं तडा वाचला: तिंग दिवशी झालं तर चांगलं, कंग दिवशी झालं तर फारच शुभ. (त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, तिंग आणि कंग हे त्यातले वार.) खाली निकाल: ३१ दिवसांनी, तिसऱ्याच वारी, बाळंतपण झालं. चांगलं झालं नाही. मुलगी झाली.

मुलगी झाली म्हणून चांगलं नाही, हे तीन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं वाचून आपल्याकडच्या कोणाला आश्चर्य वाटेल असं मला वाटत नाही. आणि ती फू-हाओ स्वतः कोण होती? सैन्य घेऊन लढायला जाणारी बाई. १९७६ मध्ये तिचं न लुटलेलं थडगं सापडलं, त्यात शस्त्रं होती. तिच्या नावाचं पण भांडण आहे. ‘नी हाओ’ मधला जो हाओ, म्हणजे चांगलं, तेच अक्षर तिच्या नावात दिसतं. स्त्री आणि मूल ही दोन चिन्हं मिळून ते बनतं. म्हणून गुणी राणी? पण बरेच संशोधक म्हणतात की त्यातलं मुलाचं चिन्ह, उच्चार त्झ, हे कुळाचं नाव असावं, आणि बाईचं म्हणून बाजूला स्त्रीचं चिन्ह लावलं. म्हणजे ‘गुणी’ नाही, फक्त ‘त्झ घरची’. आपल्याकडे बाई सासरी आली की तिला माहेरच्या गावावरून हाक मारतात, मोर्शीवाली, परतवाड्यावाली, तसं.

मला त्या कवचात सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? राजाचा अंदाज चुकला आणि ते त्याच कवचावर कोरून ठेवलं. निदान त्या कवचावर तरी निकालाचा रकाना भरलेला आहे. आणि तो भरता आला कारण अंदाजातला शब्द पक्का होता. तिंग दिवस म्हणजे तिंग दिवस, त्याला ताणता येत नाही. ‘योग्य वेळी चांगलं होईल’ असं राजा म्हणाला असता तर खाली लिहायला काही उरलंच नसतं.

आता परत भेंडवळला. तिथल्या भाकिताच्या बातम्यांमध्ये पिकांच्या पुढे ठरलेले शब्द असतात. ज्वारी सर्वसाधारण. गहू चांगला. तूर मोघम. पाऊस पहिल्या महिन्यात साधारण, दुसऱ्यात चांगला. ‘मोघम’ हा शब्द पाहून मी पहिल्यांदा हसलो होतो. प्रोग्राममध्ये जर पिकाच्या उत्पन्नासाठी चारच किमती ठरवल्या आणि त्यातली एक ‘मोघम’ ठेवली, तर रिव्ह्यू करणारा तो कोड परत पाठवेल. पण शेतकरी हसत नाहीत. त्यांना त्या शब्दाचा एक अंदाज असतो: धड नाही, अगदीच बुडीतही नाही, भाव-पाण्यावर ठरेल. प्रत्येकाचा अंदाज वेगळा, आणि म्हणूनच दिवाळीनंतर प्रत्येकाला ते भाकीत थोडंफार खरं वाटतं.

तुलनेला हवामान विभागाचा शब्द घेऊ. एप्रिलमध्ये त्यांचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज येतो, त्यात ‘सामान्य’ असा शब्द असतो. ऐकायला भेंडवळच्या ‘साधारण’चा जुळा भाऊ. पण याच्या मागे आकडा आहे. जून ते सप्टेंबर देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर, १९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेली. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला तर ‘सामान्य’. म्हणजे साधारण साडेत्र्याऐंशी ते साडेनव्वद सेंटीमीटर. ९० ते ९५ टक्के म्हणजे सामान्यपेक्षा कमी, ९० च्या खाली तूट. सप्टेंबर संपला की अंदाज बरोबर होता की चूक ते कोणीही तपासू शकतो.

पण इथेही नावाचा फास आहेच. टीव्हीवर ‘यंदा पाऊस सामान्य’ अशी पट्टी फिरते तेव्हा मोठेबाबा ती चांदूर बाजारसाठी वाचतात. ती देशासाठी असते. केरळात जास्त पडून इकडे उघाड राहिली तरी देशाचा आकडा ‘सामान्य’ येऊ शकतो. शब्द पक्का, व्याख्या पक्की, फक्त पत्ता दुसराच. यीला गेलेली मेंढरं.

आणि आमच्याकडे हे नुसत्या गप्पांचं प्रकरण नाही, कारण संत्रा. बाहेरच्यांसाठी सांगतो: संत्र्याच्या बागेत मृग बहार घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, याला ताण देणं म्हणतात. मग जूनच्या पावसानं ताण तुटला की फुलं येतात, फळ फेब्रुवारी-मार्चला. आंबिया बहार घेतला तर फुलं जानेवारी-फेब्रुवारीत आणि फळ दिवाळीच्या मागे-पुढे. अक्षय तृतीया येते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मृगवाल्यांची झाडं तहानलेली उभी असताना. पहिल्या ढेकळाचा कौल ‘साधारण’ आला, तर त्याचा अर्थ मृग लागताच पाऊस पण चारच दिवस, की महिनाभर थोडा थोडा? पहिल्यात ताण तुटेल आणि मग झाड परत कोरडं पडून फुलं गळतील. दुसऱ्यात बहार साधेल. शब्द एकच, पण बागवाल्याच्या हिशेबात मधे पूर्ण वर्षाचा पैसा आहे. विहिरीत पाणी असलेला माणूस दोन्ही अर्थांत तरतो. ज्याची विहीर मेमध्येच तळाला गेली त्याला हा शब्द कसा वाचायचा ते विचारायला कोणाकडे जाता येत नाही.

म्हणून आमच्या घरी यंदापासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मृगाच्या पानावर मी तीन ओळी लिहायला सुरुवात केली आहे. वर भेंडवळचा शब्द, जसा बातमीत आला तसाच. त्याखाली त्या दिवशी मोठेबाबांनी त्याचा काय अर्थ लावला, शक्यतो दिवस आणि इंचात. तिसरी ओळ रिकामी. आपल्या मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा सरकारी साइटवर मिळतो, तो ३० जूनला तिथे भरायचा. मोठेबाबा म्हणाले, “लिही बाप्पा, पन माह्या नावानं नोको लिहू.” मी त्यांच्या नावानंच लिहिलंय. शांग राजाचं चाललं, तर त्यांना काय हरकत आहे?

तुमच्या घरी कोणी भेंडवळ मानत असेल, किंवा वाहन पाहून पेरणी करत असेल, तर त्यांना विचारून मला एवढंच पाठवा: ‘साधारण’ म्हणजे त्यांच्या मते किती पाऊस, आणि ‘मोघम’ म्हणजे एकरी किती क्विंटल. व्हॉइस नोट चालेल. दहा मिनिटांची मात्र नको.